पत्रातले ‘आम्ही’

सिंदफणाकाठ, तालुका माजलगाव
चैत्र शुद्ध नवमी, शके १८३८

चिरंजीव गहिनीनाथास आजीचा आशीर्वाद.

तू विसराळू, म्हणून आधी ओळख सांगते. मी केशरबाई, तुझ्या बापाची आई. सत्यभामा ही तुझी बायको. दिवाळीला येऊन गेलास तेव्हा दोघींना पाहिलं होतंस. बाकी सगळं खुशाल. लिहिणारे शाळेचे अर्जुनराव. जीभ माझी, अक्षर त्यांचं.

रत्नागिरीहून तुझं पत्र आलं. अर्जुनरावांनी ओट्यावर बसून वाचलं. ‘आम्ही रोज उन्हं कलताना किनाऱ्यावर पाखरं बघत बसतो. इवलाली पाखरं लाटेपुढं पळतात, लाट ओसरली की तिच्यामागं धावतात.’ लई गोड लिहिलंस. सत्यभामा ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला.

“आमी म्हंजी कोण, आजी?”

अर्जुनराव भले माणूस. म्हणाले, मोठे लोक स्वतःला आम्ही म्हणतात. मी म्हटलं, आमचा गहिनीनाथ बंदरावर गोणी उतरवून घेतो, नवाब कधी झाला? ते हसले. ती हसली नाही. मागची पत्रं काढून तिनं पुन्हा वाचून घेतली. त्यांत तू नुसता ‘मी’ होतास.

पाखरं आमच्याकडंही आहेत. रोज सकाळी आम्ही नदीवर जाऊन बसतो. आम्ही म्हणजे मी आणि सत्यभामा, दुसरं कोणी नाही. काठच्या गोट्यांत टिटवीनं चार अंडी घातलीत. ऊन चढलं की नर पाण्यात पोट भिजवून येतो आणि अंड्यांवर बसतो, मग मादी चरायला जाते. सत्यभामा त्याच्याकडं टक लावून बघते. मी म्हणते, चल, ऊन लागंल. ती म्हणते, थांबा, त्याची पाळी संपू द्या.

तिथं तुझ्याशेजारी कोण बसतं ते मी विचारत नाही. इथली एक गोष्ट तुला कळवू नका, अशी सत्यभामेनं मला शपथ घातली आहे. म्हणून मीही काही कळवत नाही.

तुझी आजी केशरबाई. निशाणी अंगठा.

अंगठा उठवल्यावर आठवलं. शेरभर आमसुलं पाठव. मला नकोत, माझ्या तोंडात दात कुठं राहिलेत. सत्यभामेला आंबटाशिवाय घास उतरत नाही, घरातली चिंच तिनं संपवली. कशापायी, ते दिवाळीपासूनचे महिने मोजून बघ. आमसुलं कुणाच्याही हातची वाळवलेली असली तरी चालतील.