शब्दाचे दहा तुकडे

आप्पा,

सध्या मी डच शिकते आहे. पंचावन्नाव्या वर्षी हे खूळ कशाला, असं तुम्ही विचारलं असतंत, सावकाश. तुमच्या नातीनं तिकडचा जावई आणला, विहीणबाईंशी चार शब्द बोलता यावेत एवढीच हौस. ऑनलाइन शिकवणाऱ्या बाईंनी परवा एक शब्द दिला: आर्बेइट्सऑनखेस्खिक्तहेइट्सफरझेकरिंग. माणसाला काम करता येईनासं झालं तर उपयोगी पडणारा विमा, एवढाच अर्थ. मला वाचतानाच धाप लागली. बाई म्हणाल्या, दहा तुकडे करा, मुख्य जोर पहिल्यावर द्या, बाकीचे मागून येतील. आर, बेइट्स, ऑन, खे... आणि माझं बोट आपोआप टेबलावर वाजायला लागलं.

ही सवय तुमची. शाहूपुरीतल्या दुकानात, पंपांच्या सुट्या भागांच्या गराड्यात उभे राहून तुम्ही असेच बोलायचा. तोतरेपणावर तुमचा तुम्हीच काढलेला उपाय होता तो: शब्द फोडायचा, पहिल्या तुकड्याला काउंटरवर अंगठा दाबायचा, मग एकेक बोट टेकवत शेवट गाठायचा. गिऱ्हाइकं उभी आहेत, कुणी घड्याळ बघतंय, आणि दहा वर्षांची मी शरमेनं तुमचा शब्द तुमच्याआधी पुरा करून टाकते. मला ती मदत वाटायची. एकदा दुकान रिकामं झाल्यावर तुम्ही म्हणालात, "माझा शब्द मीच पुरा करणार. गिऱ्हाईक थांबतंय की, तुलाच कसली घाई?" एवढं बोलायला तुम्हाला बराच वेळ लागला. मी मधे बोलले नाही. त्या दिवसापुरतंच.

या बाई मात्र थांबतात. मी ‘खे’पाशी अडकले की पडद्यावर नुसत्या बघत राहतात, पुढचा तुकडा सांगत नाहीत. आधी राग आला, मग बरं वाटलं. कुणीतरी आपल्यासाठी थांबलंय हे किती बरं वाटतं, ते मला या वयात कळलं आणि तुमची फार आठवण आली.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते. दवाखान्यात त्या शेवटच्या दुपारी तुम्ही चादरीवर अंगठा दाबलात आणि ‘पा’ म्हणालात. मी लगेच ‘पाणी’ म्हणून पेला ओठांना लावला. तुम्ही मान हलवलीत, मग माझ्याकडं बघून दोन घोट घेतलेत. आप्पांनी शेवटी पाणी मागितलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ती मान ‘नाही’ म्हणून हलली होती, हे मला तेव्हाच कळलं होतं.