एक किलो आठशे साठ ग्रॅमच्या मॅडम

८ जानेवारी, गुरुवार
एकतीस दिवस काचेच्या पेटीत काढून आज मॅडम घरी आल्या. सात आठवडे आधी जन्मल्यामुळे नाव ठरवायला वेळ मिळालेला नाही, म्हणून सध्या मॅडम. वजन एक किलो आठशे साठ.
निकिता थकली आहे. घराचा चार्ज मी घेतला. अकरा वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये शिफ्ट सांभाळतोय. दोन किलोच्या आतलं प्रकरण म्हणजे काहीच नाही. पंधरा दिवसांची रजा आहे, तेवढ्यात सगळं लाइनीवर आणतो.
सात नियमांचा चार्ट करून बेडरूमच्या दारावर लावला. निकिताने वाचला. म्हणाली, यात दूध पाजायचं कुठे आहे?
आठवा नियम टाकला.

९ जानेवारी, शुक्रवार
डॉक्टर मॅडमनी सांगितलंय, बाळाला उघड्या छातीशी धरायचं, वरून गुंडाळायचं. त्याला कांगारू केअर म्हणतात. आईने धरायचं, आजीने धरायचं, आणि वडिलांनीही रोज निदान तासभर.
मी एकदम तयार. पण सकाळी हात गार होते. गार हाताने धरणं अशास्त्रीय. उद्यापासून नक्की.
दरम्यान बिटको चौकात जाऊन खोलीसाठी तीन थर्मामीटर आणले. तिन्ही वेगवेगळं तापमान दाखवतात. सरासरी काढून दर तासाला वहीत लिहितोय.

१० जानेवारी, शनिवार, सकाळी १०
नवी अडचण. व्हिडिओत ज्या वडिलांनी बाळ धरलंय त्यांची छाती फरशीसारखी गुळगुळीत आहे. माझी तशी नाही. मॅडमना टोचेल.
ट्रिमर घेतला. मग रेझर.

दुपारी ४
पुरळ. पूर्ण छातीवर.
निकिता म्हणाली, तुला कोणी सांगितलं होतं? सासूबाई (सिंधुबाई, मुक्काम नामपूर, कालपासून इथे) दारातून बघत उभ्या. "जवाईबापू, हाई काय शे?"
वैद्यकीय कारणास्तव कांगारू केअर चार दिवस स्थगित. कॅलामाइन लावून बसलोय. गुलाबी दिसतोय.

१२ जानेवारी, सोमवार
तपासणी. वजन एक किलो आठशे ऐंशी. चार दिवसांत फक्त वीस ग्रॅम.
डॉक्टर मॅडम म्हणाल्या, दर दोन तासांनी दूध, आणि जास्तीत जास्त वेळ छातीशी धरा. पुढच्या सोमवारपर्यंत वजन नीट वाढलं नाही तर पुन्हा ॲडमिट करू. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाबा धरतात ना?"
मी म्हणालो, स्किनचा इश्यू आहे.
रिक्षात निकिताने मॅडमना शालीखाली छातीशी धरलं. मी थर्मामीटरचा विषय काढला नाही.
एक नोंद राहिली होती, करून ठेवतो. हॉस्पिटलात पहिल्यांदा पेटीत हात घालून तिच्या तळव्याला बोट लावलं तेव्हा मॉनिटर किंचाळायला लागला. नर्स म्हणाली, काही नाही सर, वायर सैल झालीय. माझा काही संबंध नव्हता हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी हात बाहेर काढला. पुढे घातला नाही. इन्फेक्शनचा विचार करून.

१३ जानेवारी, मंगळवार
प्लॅन तयार. आधी ट्रायल रन.
सासूबाईंनी नामपूरहून गोणीभर लाल कांदे आणलेत. त्यातले मोजून एक किलो आठशे ऐंशी ग्रॅम काढले (चौदा मोठे आणि एक बारका), टॉवेलात बांधले, टोपी घातली, छातीशी धरून बाल्कनीत उन्हात बसलो. थोपटलं. पंचवीस मिनिटं उत्तम जमलं. समोरच्या बिल्डिंगमधून कोणीतरी हात हलवला. मी कांद्यांचा हात हलवला, म्हणजे टॉवेलाचं टोक.
मग उठताना गाठ सुटली. सगळे खाली. दोन कांदे ग्रिलमधून पार्किंगमध्ये.
बराच वेळ तिथेच बसून राहिलो. डोळ्यांतून पाणी येत होतं. कांद्यांमुळे.
सासूबाई गोळा करायला आल्या. म्हणाल्या, न कापलेल्या कांद्याने पाणी येत नाही. त्यांचं आयुष्य कांद्यात गेलंय, मान्य. तरी प्रत्येक वेळी त्यांचंच बरोबर असेल असं नाही.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.
बायका तिळगूळ घेऊन येणार, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या नियम तीन आणि पाचची खरी कसोटी. मास्क लावून दारात उभा राहिलो. हातांवर सॅनिटायझर, कपाळावर थर्मामीटरची बंदूक.
तिसऱ्या मजल्यावरच्या सुधाकाकूंचं तापमान बत्तीस आलं. मी सांगितलं, काकू, एवढ्या तापमानाला माणूस शुद्धीवर नसतो. त्या म्हणाल्या, मी दोन जिने चढून आलेय.
नियम म्हणजे नियम. त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, पण गोड काही बोलल्या नाहीत.
पुरळ गेलं. निकिताने ते सकाळीच पाहिलं. मी शर्टाचं वरचं बटण लावलं.

१५ जानेवारी, गुरुवार
सकाळी एक शिंक आली. एकच.
निकिताने दारावरच्या चार्टावर बोट ठेवलं. नियम क्रमांक तीन: सर्दी असलेल्या कोणत्याही व्यक्तीस प्रवेश नाही. 'कोणत्याही'खाली मीच दोन रेघा मारल्यात.
हॉलमध्ये मुक्काम. फार वाईट वाटलं असं सगळ्यांना सांगितलं.

१६ जानेवारी, शुक्रवार
काम थांबलेलं नाही. हॉलमधून बेडरूममध्ये व्हिडिओ कॉल चालू ठेवलाय. निकिताने फोन उशीवर उताणा ठेवला आहे, त्यामुळे फक्त पंखा दिसतो. दर तासाला नोंद: पंखा बंद. थंडीत तो बंदच असायला हवा. सर्व ठीक.
फोनमधून सूचना देतो. दुपारी सासूबाईंचा चेहरा स्क्रीनवर आला. "जवाईबापू, पोर शे ती, मशीन नही." मग फोन पालथा झाला.
नोंद: अंधार.

१९ जानेवारी, सोमवार
दोन किलो चाळीस!!!
सात दिवसांत एकशे साठ ग्रॅम. ॲडमिट करायची गरज नाही. नियोजन नियोजन म्हणतात ते हे. घरी येताना पेढे घेतले, सुधाकाकूंनाही दिले. त्यांनी घेतले.
डॉक्टर मॅडमनी विचारलं, कोण किती वेळ धरतं? निकिता म्हणाली, मी सहा-सात तास, आई चार-पाच तास. मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.
मी म्हणालो, टीमवर्क आहे.
संध्याकाळी निकिता पुन्हा तोच विषय घेऊन बसली. म्हणाली, रागावून नाही विचारत रविराज, तुला भीती वाटते का?
मला? दोनशे दहा मेगावॅटचा सेट ट्रिप होऊन बंद पडला तरी माझा चहा सांडत नाही. तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि मॅडमची टोपी सरळ करत बसली.
उद्यापासून एक तास. लिहून ठेवतो.

२० जानेवारी, मंगळवार
पाठ दुखते.

२१ जानेवारी, बुधवार
पाठ बरी. मान.

२२ जानेवारी, गुरुवार, संध्याकाळी ५
रजेचा शेवटचा दिवस. अकरा वाजता निकिता अंघोळीला गेली, सासूबाई खाली कोथिंबीर घ्यायला. पाच मिनिटं बघ, म्हणाली. मी खुर्ची घेऊन बघत बसलो.
मॅडमना ठसका लागला. चेहरा लाल झाला. मग आवाज बंद.
निकिताला हाक मारली, पण गिझरचा नळ चालू. चार्ट आठवला. त्यात काहीच नव्हतं.
उचललं. कसं ते माहीत नाही. वाकडं उचललं असणार. शर्टाची दोन बटणं तुटली आहेत, पण ती कधी तुटली ते सांगता येणार नाही. छातीशी धरलं, पाठीवर हात ठेवला. एक बारीकशी उलटी माझ्या गळ्याखाली आली. मग रडली. मग श्वास सुरू झाला, छोटा, भराभर, उंदरासारखा. मी काय बोलत होतो ते लिहीत नाही.
निकिता ओल्या केसांनी धावत आली. थांबली. माझ्याकडून घेतलं नाही. वरून शाल टाकली आणि केस पुसायला गेली.
मी वाट पाहिली. मॅडम झोपल्या. खाली कसं ठेवायचं ते मला येत नाही, हे तोवर लक्षात आलं होतं. विचारणार होतो. विचारलं नाही. बारा वाजले, निकिताने तिथेच चमच्याने दूध पाजलं, एक वाजला. कधीतरी मांडी ओली आणि गरम झाली. शेजारच्या खोलीत दोघी जेवल्या.
दीडला साहेबांचा फोन. निकिताने माझ्या कानाला लावला. उद्या फर्स्ट शिफ्टला येताय ना?
मी म्हणालो, साहेब, उठता येत नाहीये.
साहेबांना वाटलं, कंबर धरली. आणखी चार दिवस दिले. म्हणाले, शेक घ्या.
म्हटलं, घेतोय.