माळावरची शाळा

आई, तू सरपंच झालीस तेव्हा मी सातवीत होते. जागा बायकांसाठी राखीव निघाली म्हणून आबांनी तुला उभं केलं. सही बायकोची आणि कारभार आपला, असंच ते धरून चालले होते. पहिल्याच ग्रामसभेत शाळेच्या नव्या इमारतीचा विषय निघाला. शिरोळ तालुक्यातलं आपलं गाव, तीन बाजूंना कृष्णा आणि घरांना भिडलेला ऊस. शाळा चावडीजवळच बांधायची, असं पुरुषांचं आधीच ठरलं होतं. त्यात आबाही होते. तू खुर्चीतून उठलीस आणि म्हणालीस, "शाळा माळावर हुईल. हितं पाणी चढतंय."

"एवढ्या लांब पोरं जात्यात व्हय?" माजी सरपंच ओरडले.

"ऊस तोडायला जात्यात की. तवा लांब वाटत न्हाय तुमास्नी?"

सभा हसली. आबा हसले नाहीत. कित्येक दिवस ते तुझ्याशी बोलले नाहीत. तू भाकरी थापून त्यांचं ताट पुढं सरकवायचीस. शाळा माळावर झाली आणि पुढच्या निवडणुकीत गावानं तुला पाडलं. माजी सरपंच पुन्हा निवडून आले. तू माहेरी आजऱ्याला जाऊन आलीस आणि आणलेल्या काजूतले थोडे त्यांच्याच घरी देऊन आलीस. मी चिडले, तर म्हणालीस, "मग काय जल्मभर भांडत बसू?"

तू गेल्यावर काही वर्षांनी, दोन हजार पाच साली, महापूर आला. मला गावातच दिलेलं, त्यामुळं मी सगळं पाहिलं. चावडी बुडाली आणि अख्खं गाव माळावर आलं. वर्गांत माणसं, पटांगणात म्हशी. मी पिठलं ढवळतेय, आबा चुलीला जाळ घालतायत, आणि तेच सरपंच भिजून दारात उभे आहेत. पाऊल आत टाकत नाहीत. आबा उठले, त्यांच्या हाताला धरून म्हणाले, "या आत. तिनं सगळ्यांसाठनं बांधलीया."

तुझ्याबद्दल आबांना चारचौघांत बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आता जागा पुन्हा बायकांची निघालीय. आबा म्हणतात, "तू उभी ऱ्हा. मी मधी बोलणार न्हाय." मी अजून होकार दिलेला नाही. हे पत्र कुठंच जायचं नाही, म्हणून लिहिते: सभेत उठून बोलायची मला भीती वाटते. तुला वाटली होती का, हे मी कधी विचारलंच नाही.