शिरा काढलेली पानं

सिचोन,
२६ ऑक्टोबर

आई,

नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत, तुम्हीही असाल. तुमच्या नातीच्या, केओच्या हाताचं प्लास्टर निघालं. भाजी नको असली की आता ती त्याच हाताने वाटी माझ्याकडे ढकलते. माझ्या दादाच्या वाळवणावर यंदा मासळी बरी आहे. खुशाली एवढीच.

फोन केला की तुम्ही रडता, तुम्ही रडलात की मी गप्प बसते आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून हे पत्र. तुम्हाला आता वाचता येत नाही, म्हणजे शेजारची नोईच वाचून दाखवणार. नोई, बाई, काही गाळायचं नाही. आई रागावल्या तरी थांबायचं नाही.

आई, मी तुमच्यावर संतापले आहे. सून म्हणून जितकं रागवावं त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त.

आपल्याकडे गांजा ओढणाऱ्याला कुणी मुलगी देत नाही आणि अंगात जोर यावा म्हणून क्राथोमच्या झाडाचं पान चघळणाऱ्याला घरी येऊन देतात. पान चघळतो म्हणजे कष्टाळू. लग्न ठरवायला आलात तेव्हा तुम्ही माझ्या वडिलांना सांगितलंत, "माझा मुलगा पहाटे पान तोंडात टाकतो आणि चीक काढून झाल्याशिवाय रबराच्या बागेतून हलत नाही." वडील खूश झाले. मीही झाले, खोटं कशाला बोलू.

मामंजींचं उदाहरण मला पुन्हा देऊ नका. ते दोन-चार पानं चघळायचे, चोथा थुंकायचे आणि कामाला लागायचे. तुमच्या मुलाने पानं पातेल्यात उकळायला घेतली. मग रस्त्यावरच्या टपरीवरची पोरं करतात तसं त्यात खोकल्याचं औषध आणि कोला घालायला लागला. कायद्याने पान मोकळं केलंय, तू कोण अडवणारी, असं मलाच ऐकवायचा. चेहरा काळवंडला, पोट साफ होईना, झोप उडाली. प्यायला उशीर झाला की अंग ठणकायचं आणि तो केओवर खेकसायचा. आभाळ भरून आलं की जाकीट चढवून घरात बसायचा, कारण अंगावर चार थेंब पडले तरी त्याला हुडहुडी भरायची. तिकडे झाडांना बांधलेल्या वाट्यांत पाणी शिरून चीक फुकट जायचा. आणि तुम्ही म्हणायचात, थकलाय बिचारा, त्याला अजून थोडी पानं दे.

बरं, आता त्या कुत्र्याचं. मोटारसायकलला कुत्रं आडवं आलं असं मी तुम्हाला सांगितलं होतं. कुत्रंबित्रं काही नव्हतं, आई. भर दुपारी, मोकळ्या सरळ रस्त्यावर त्याला आकडी आली आणि हँडल सुटलं. मागे केओ बसली होती. तिचा हात तसा मोडला. ते मिश्रण पुन्हा प्यायला तर वाचेलच असं नाही, असं डॉक्टरांनी माझ्या तोंडावर सांगितलं. म्हणून मी त्याला दादाकडे आणलं. नवऱ्याला माहेरी पळवून नेलं असं तुम्ही गावभर सांगितलंत, तेही माझ्या कानावर आलंय.

इकडे पहिले दिवस फार वाईट गेले. नाक गळत होतं, पाय झटकत होते, रात्रभर खोलीत येरझारा घालायचा. दादाला नाही नाही ते बोलला. दादा नुसता म्हणायचा, "बोलून घे, पण दाराबाहेर जायचं नाही." आरोग्य केंद्रातली नर्स रोज येऊन बघून जायची. मग हळूहळू जेवायला लागला. एकदा अचानक सर आली तर माझ्या आधी धावला आणि मासळीच्या जाळ्या आत ओढू लागला. चिंब भिजला. कुडकुडला नाही. मी दारात उभी राहून रडले.

आणि त्याच आठवड्यात व्हॅनच्या ड्रायव्हरबरोबर तुमचे सणाचे पुडे आले. नारळाच्या दुधातला चिकट भात, ताडाच्या पानात तिकोनी बांधलेला, त्याच्या जिवापाड आवडीचा. मी बाजारात होते. परत आले तर तो मोरीपाशी बसलेला, ओठ हिरवे. ताडाच्या पानाच्या आत तुम्ही क्राथोमची पानं घातली होतीत. प्रत्येक पानाची मधली शीर काढलेली, पोटात जाऊन गोळा होऊ नये म्हणून. काय ती माया! मी हात उगारून गेले होते. तो वर न बघता म्हणाला, "आईने शिरा काढून दिल्यात गं. लहानपणी माशाचे काटे काढून द्यायची तशा."

मला मारता आलं नाही. पण सगळं पहिल्यापासून सुरू झालं. तेच गळणं, तेच ठणकणं, त्याच येरझारा. ते दिवस मी तुम्हाला माफ करणार नाही.

काल तुमचा दुसरा पुडा आला. त्याने दोरीला हातसुद्धा लावला नाही. माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "आधी तू उघड." मग बाहेर जाऊन पावसात उभा राहिला. आई, स्वतःच्या आईच्या हातचं खायला घाबरलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

आत पानं होती. ती मी चुलीत घातली. भात दुसऱ्या ताटलीत काढला, त्याला हाक मारली आणि सांगितलं, "नुसता भातच आहे. आईंना कळलंय." त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग बसला आणि सगळा भात संपवला. म्हणाला, आईच्या हाताची चव अजून तशीच आहे.

हे खोटं मी तुमच्यासाठी बोलले. तुमचं क्राथोमचं झाड तोडा असं मी म्हणत नाही, ते मामंजींनी लावलंय. त्याला बरं वाटावं म्हणूनच तुम्ही हे केलंत, हेही मला कळतं, आणि म्हणूनच जास्त राग येतो. तो बरा झाला की त्याला घेऊन गावी येईन, पण तुमच्या घरात तो निर्धास्त जेवू शकेल अशी माझी खात्री पटल्यावरच. तुम्हाला त्याला बघायचं असेल तर इकडे या. ताजे मासे आहेत, काटे काढून भरवा.

पुढचा पुडा मात्र मी त्याच्यासमोर उघडणार आहे.

नुसत्या भाताची वाट पाहणारी
तुमची सून,
उराय