पाण्याची फणी

प्रिय आई,

आज विद्यापीठात माझ्यासोबत शिकणाऱ्या यासीनने त्याच्या गावाचे फोटो दाखवले, सहारातल्या तिमिमूनचे. तिथे भुयारातून पाणी येतं आणि दाते असलेल्या आडव्या दगडातून प्रत्येक बागेचा वाटा वेगळा होतो. त्या दगडाला ते कंगवाच म्हणतात. "म्हणजे फणी," मी म्हणाले, आणि डोक्यावर तुझा हात जाणवला. "हलू नकोस, भांग वाकडा जाईल."

तू गेल्यावर धाकट्या वल्लरीने तुझ्या पाटल्या घेतल्या. मी तुझी लाकडी फणी इकडे नेदरलँड्सला, एनस्खेडेला आणली.

यासीनच्या बागेचं पाणी आता आटलंय, तरी त्याची आजी तो दगड कुणाला हलवू देत नाही. त्याला तो वेडेपणा वाटतो. तुझी फणी मी अजून धुतलेली नाही.

अजूनही भांग वाकडाच पाडणारी,
ऋता