चोपड्याच्या काठावरची शेजारीण

बाबा,

काल संध्याकाळी लेकीच्या दोन्ही पोरांना घेऊन चोपड्याला नदीच्या काठावर गेले होते. मे महिना, ऊन उतरलेलं, ओहोटी लागलेली. पोरं चिखलात बसून शिंपल्यांतल्या तिसऱ्या शोधत होती, नाकापर्यंत माखलेली, आणि अर्धं कोंकणी, अर्धं इंग्रजी असं तोंडाला येईल ते बोलत होती. कुणी त्यांना अडवलं नाही. मी पाण्यात पाय सोडून बसले, पोदेराच्या भट्टीतला उंडो पाव मोडून तिघांत वाटला. किती दिवसांनी अशी निवांत संध्याकाळ मिळाली होती! तेवढ्यात धाकटीनं विचारलं, "आज्जी, तुजी आवय तुका हांगा हाडटाली?" हो गं, इथंच आणायची, म्हटलं आणि ती यायची का थांबली तेही सांगितलं, पण अर्धंच. म्हणून हे लिहायला बसलेय.

तुम्ही मास्तर. पेडण्यात घरोघरी पोरं बापाला 'तू' म्हणायची, आम्ही तेवढी 'तुम्ही'. आई डिचोलीकडची, शाळेची पायरी न चढलेली, तिच्या तोंडी कोंकणी. तुमची स्वतःची आईसुद्धा तेच बोलायची, पण तो विषय आपल्या घरात निघत नसे. कोंकणी ही नुसती बोली, मराठी ही भाषा, हे तुम्ही आम्हाला जेवताना समजावून सांगायचा आणि आई ते ऐकत आमटी वाढायची. मराठीवर माझा राग नाही हो, जन्मभर मीही तीच शिकवून पोट भरलं. राग तुमच्यावर आहे, आणि तो म्हातारपणीही निवत नाही.

गोव्यातल्या जनमत कौलाच्या आधीचा तो उन्हाळा. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, यावरून गावागावांत सभा चालल्या होत्या आणि तुमचे पाय घरात ठरत नव्हते. एके दिवशी पणजीहून तिघेजण आपल्याकडे बैठकीला यायचे होते. सकाळीच तुम्ही आईला सांगितलंत की जेवणं आटोपली की पोरांना घेऊन नदीवर जा आणि ते जाईपर्यंत परतू नकोस, तू माहेरी गेलीयस असं मी त्यांना सांगणार आहे. तिनं कारण विचारलं. तुम्ही म्हणालात, तू तोंड उघडलंस की माझं सगळं मुसळ केरात. तिनं पाहुण्यांसाठी सोलकढी करून झाकून ठेवली, जनेलाची, तुमच्या मराठीत खिडकीची, दारं लावून घेतली आणि आम्हा दोघा भावंडांना घेऊन निघाली.

आणि काय सांगू बाबा, तशी संध्याकाळ मला पुन्हा मिळाली नाही. आई लुगड्याचा काचा मारून चिखलात उतरलीय. धाकटा भाऊ दोन्ही गालांत पाव कोंबून तिच्या मागं मागं. वाड्यावरची पाच-सहा पोरं जमलीयत आणि ती त्यांना कुर्लीच्या लग्नाची गोष्ट सांगतेय, कुर्लीसारखी आडवी चालून दाखवतेय. मधेच मला ओरडते, "सवकास गो बाये, पांय निसरतलो," आणि स्वतःच घसरून बदकन बसते, हसता हसता तिला उठवत नाही. नऊ वर्षांची होते मी, पण आईला एवढं बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

बैठक लवकर आटोपली असणार. तुम्ही पाहुण्यांना फेरीबोटीवर सोडायला काठावर आलात आणि आम्ही नेमके वाटेत. त्यांतला एक चष्मेवाला थांबला, गोष्ट ऐकून गालात हसला. बिचारा भला माणूस होता, त्याला आवडलीच होती ती. त्यानं विचारलं, "मास्तर, या कोण हो?"

"शेजारीण आहे," तुम्ही म्हणालात. "पोरांना सांभाळते."

त्यानं सहज माझ्याकडे वळून, होय का गं, असं विचारलं. तुम्ही माझ्याकडे बघत होता. मी स्पष्ट, शाळेत कविता म्हणावी तशी म्हणाले, "होय. त्या आमच्या शेजारी राहतात." तुम्ही पाठीवर थाप मारलीत, शाबास म्हणालात. आई खाली मान घालून टोपलीतल्या तिसऱ्या धूत होती. तुम्हीही त्यांच्याबरोबर बोटीत चढलात, पलीकडच्या सभेला. बोट लांब गेल्यावर आई उठली, टोपली कमरेवर घेतली आणि मला म्हणाली, "चल गो बाये, शेजाऱ्यांगेर रांदूंक जाय." शेजाऱ्यांकडे स्वयंपाक करायचाय, एवढंच.

त्यानंतर ती नदीवर कधी आली नाही. रुसली-फुगली नाही, भांडली नाही, तुमच्या पानात कधी काही कमी पडू दिलं नाही. परसात धाकट्याशी बोलत असायची, तुमची चाहूल लागली की वाक्य अर्ध्यावर सोडायची. ते मी समजू शकते. पण पुढं पुढं मी आले तरी सोडायला लागली. तुमच्या एका 'शाबास'नं माझी आई गेली बाबा, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. तुम्ही सभा जिंकत होता, नाहीतर हरत होता, मला काय त्याचं!

तुमच्या मागं ती बरीच वर्षं जगली. शेवटच्या दुखण्यात मी तिचे पाय चेपत म्हणाले, तेव्हा मी लहान होते गं, बाबांना घाबरले होते. ती नुसतं "हय गो" म्हणाली आणि कूस बदलली. तेव्हापासून सगळ्यांना मी हेच सांगत आले, काल धाकटीलाही हेच सांगितलं.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, आणि पोचलं असतं तर तुम्ही आधी शुद्धलेखन तपासलं असतं. त्यामुळं खरं लिहायला हरकत नाही. मी घाबरले नव्हते. तुमच्या डोळ्यांत धाक नव्हताच, तुम्ही मला विनवत होता. एवढा मोठा माणूस आपल्याला विनवतोय, याचाच मला आनंद झाला होता, आणि आई तीन हातांवर बसून सगळं ऐकतेय हे मला पक्कं ठाऊक होतं.