तुमचे पंतप्रधान इथे आले होते

बाबा, तुमचे पंतप्रधान परवा सिंगापूरला आले होते. खरं तर माजी म्हणायला हवं, पण तुम्ही शेवटपर्यंत ते ‘माजी’ लावलं नाहीत. नव्वदीला टेकलेत, तरी व्यासपीठाच्या पायऱ्या कुणाचा हात न धरता चढले. विद्यापीठाचं सभागृह खच्चून भरलेलं. आफ्रिकेतल्या खेड्यातला शाळामास्तर पंतप्रधान होतो, गावोगाव मुलींच्या शाळा काढतो, निवडणूक हरल्यावर दुसऱ्याच दिवशी आपली पुस्तकं आपण उचलून बंगला सोडतो. आणि पुढे शेजारच्या देशांत भांडण पेटलं की दोन्ही बाजू यांनाच बोलावतात. निवेदिका हे सगळं सांगत होती आणि मी मनात म्हणत होते, बाई, मला काय सांगतेस, आमच्याकडे हे रोज भाताबरोबर वाढलं जायचं!

आई वैतागायची, “पुरे तुमचं साहेबपुराण, जेवण गार होतंय.” तुम्ही थांबताय कसले! तिथे पंतप्रधानांच्या कचेरीत साहेब भाषण लिहितात, तुम्ही टाइप करता, मग ते तुम्हालाच मोठ्याने वाचायला लावतात आणि तुम्हाला दम लागेल तिथे वाक्य तोडतात. माझ्या निबंधांनाही तुम्ही तोच न्याय लावलात. “दम लागतोय गं, तोड.” चौदाव्या वर्षी एकदा मी फणकारले, “टायपिस्टच तर होतात, एवढा कसला तोरा?” तुम्ही ताटातलं संपवून उठलात. त्यानंतरही दहावीच्या परीक्षेला साहेबांनी दिलेलं पेन तुम्ही मलाच दिलंत. परवा ते माझ्या पर्समध्ये होतं.

व्याख्यानानंतर एका मुलीने विचारलं, इतकं सोपं बोलायला कुणाकडून शिकलात? साहेब हसले. म्हणाले, “माझ्या टायपिस्टकडून. भारतीय होता. हरल्यानंतरचं भाषण वाचताना तो रडायलाच लागला, म्हणून मी ते चार ओळींचं केलं.” अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. रडलात, हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत. मला केवढा अभिमान वाटला, बाबा!

तेवढ्यात माझ्या ऑफिसातली मैत्रीण माझा हात ओढायला लागली. “अगं, तुझे बाबा त्यांचे सल्लागार होते ना? चल की, भेटू!” हो, सल्लागार. बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीत तिच्या कॉन्डोत एकदा जेवायला जमलो होतो. कुणाचे वडील कलेक्टर, कुणाचे सर्जन. माझी पाळी आली आणि मी ठोकून दिलं. आता बारा वर्षं झाली त्याला.

तिने मला पार त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं. “सर, हिचे वडील तुमचे सल्लागार होते.” त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ माझा चेहरा निरखला. एक शब्द बोलायचा होता, बाबा. टायपिस्ट. मैत्रीण शेजारीच उभी होती. मी पर्स घट्ट धरून नुसती हसत राहिले. शेवटी तेच ओशाळले. म्हणाले, “माफ कर मुली, म्हातारपणामुळे तुझे वडील आठवत नाहीत.”